विश्लेषण : परदेशस्थ मराठी कुटुंबांचे ‘पुढच्या वर्षी परतू’ लांबणीवर का पडते? शिराळ्याचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेतील व्हिसा नियमांची टांगती तलवार, ब्रिटनमध्ये कडक होत असलेले स्थलांतर धोरण आणि आखाती देशांत नोकरीशी बांधलेला मुक्काम, यांमुळे ‘आता गावी परतावे का’ हा प्रश्न हजारो मराठी घरांत पुन्हा विचारला जात आहे. उत्तर मात्र बहुतेकदा ‘हो, पण...’ असेच येते. ही केवळ मनाची चलबिचल आहे, की त्यामागे कायदा, कर, शिक्षण आणि जमीन यांची ठोस कारणे आहेत? स्थलांतराची दीर्घ परंपरा असलेल्या सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याच्या नजरेतून या पेचाचा आढावा...

ही चर्चा आताच का?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. त्या आठवडाअखेरीस भारतात सुट्टीवर आलेल्या अनेकांना कंपन्यांनी तातडीने परत बोलावले. हे शुल्क नव्या अर्जांसाठी आहे, जुन्या व्हिसाधारकांसाठी किंवा नूतनीकरणासाठी नाही, असा खुलासा नंतर झाला. पण तोपर्यंत व्हायचा तो परिणाम झाला होता. दहा-बारा वर्षे कर भरून, घर घेऊन राहिलेल्या कुटुंबांनाही आपला मुक्काम एका आदेशावर अवलंबून असल्याची जाणीव झाली. २०२४ या आर्थिक वर्षात अमेरिकेने मंजूर केलेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के भारतीयांचे होते. त्यामुळे झळही सर्वाधिक भारतीयांनाच बसते. ब्रिटननेही मे २०२५ मधील श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला.

याच काळात भारतात येणारा पैसा मात्र वाढतो आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होता; केरळचा १९.७ टक्के. देशनिहाय पाहता अमेरिकेतून २७.७ टक्के, तर संयुक्त अरब अमिरातीतून १९.२ टक्के रक्कम आली. म्हणजे पैसा घरी येतो आहे, माणसे मात्र उंबरठ्यावर घुटमळत आहेत.

यात शिराळ्याचा संबंध कुठे येतो?

पुणे-बंगळूरु महामार्ग पेठ नाक्यावर सोडून पश्चिमेला वळले की शिराळा तालुका सुरू होतो. एका टोकाला वारणेकाठचा ऊस, दुसऱ्या टोकाला चांदोलीचे जंगल आणि मुसळधार पावसाची भातशेती. डोंगराळ भागात जमिनीचे तुकडे लहान आणि शेतीवर भागत नाही, म्हणून येथील माणूस फार पूर्वीपासून मुंबईची वाट धरत आला. कापड गिरण्या, गोदी, बाजारपेठांतील माथाडी काम यांत सातारा-सांगलीच्या डोंगरी पट्ट्यातील माणसांचा मोठा भरणा होता. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने संरक्षण मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील हे शेजारच्याच पाटण तालुक्यातील. शिराळ्याला लागून असलेल्या वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईला गेले. गावातून तुटलेला आणि शहरात न रुळलेला कामगार पुढे त्यांच्या लेखनात आणि शाहिरीत आला. याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी भागातून, खानापूर-आटपाडीकडून, सोने-चांदी गलाईचे कारागीर देशभर पसरले.

पुढची पिढी शिकली. सांगलीचे वालचंद महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, राजारामनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांमधून बाहेर पडलेली मुले पुण्याला गेली आणि तेथून परदेशी. आजोबा गिरणीत, वडील नवी मुंबईच्या बाजार समितीत आणि नातू न्यू जर्सीत, अशी तीन पिढ्यांची वाटचाल या पट्ट्यात नवलाची नाही. गाव सोडणे म्हणजे काय, आणि परतणे म्हणजे काय, याचा अनुभव येथे शंभर वर्षांचा आहे.

मुंबईला गेलेला परतत असे, मग परदेशी गेलेला का अडतो?

मुंबईला गेलेल्या माणसाने गाव पूर्ण सोडलेच नव्हते. बायको-मुले किंवा निदान आई-वडील गावी, तो एकटा गावकीच्या खोलीत. जेवण खानावळीत. सुगीला, जत्रेला, नागपंचमीला रात्रीची एसटी धरली की सकाळी घरी. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईकरांची वर्गणी, शिधापत्रिकेवर नाव, सातबाऱ्यावर नाव. त्यामुळे निवृत्तीनंतर परतणे हे जाण्याच्या दिवशीच ठरलेले असे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे जगणे विस्कटले, तेव्हा अनेक जण नाइलाजाने गावी आले. ते परतणे सुखाचे नव्हते. पण घरात एक चूल आणि शेतात एक वाटा शिल्लक होता.

परदेशस्थ कुटुंबाच्या बाबतीत हा आधारच बदलतो. येथे संपूर्ण कुटुंब जाते. मुले तेथे शाळेत जातात. अंतर एका रात्रीचे राहत नाही. मुख्य म्हणजे, मुंबईहून शिराळ्याला येताना कोणताही कायदेशीर दर्जा बदलत नसे. परदेशातून येताना करदाता म्हणून, खातेदार म्हणून, कधी नागरिक म्हणूनही दर्जा बदलतो. आणि हे सगळे दर्जे एकाच दिवशी बदलत नाहीत. परतीच्या निर्णयातील बहुतेक घालमेल येथूनच सुरू होते.

आखाती देशांतून परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी कशी?

आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. तेथे सामान्य कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. वास्तव्याचा परवाना नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची किंवा निघायचे. त्यामुळे ‘परतावे की नाही’ हा प्रश्न तेथे नसतो. ‘कधी आणि किती शिल्लक घेऊन’ एवढाच असतो. परदेशी कामगाराला सेवा संपताना एकरकमी उपदान मिळते, मासिक निवृत्तिवेतन सहसा नाही.

येथील संमिश्र भावनेचे कारण वेगळे आहे. पंधरा-वीस वर्षे पैसे पाठवून बांधलेल्या घरात हा माणूस कधी सलग दोन महिने राहिलेला नसतो. मुले त्याला फोनवर ओळखत मोठी झालेली असतात. घरातील निर्णय त्याच्याविना घ्यायची सवय सर्वांना लागलेली असते. महिन्याला पैसे येणे थांबते आणि माणूस मात्र रोज घरात दिसतो, ही अदलाबदल दोन्ही बाजूंना जड जाते. त्यातून अनेक जण पुन्हा एखाद्या करारावर परत जातात.

अमेरिकेतील कुटुंबाची कोंडी नेमकी कोणती?

एच-१बी व्हिसाची कमाल मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षे. ग्रीन कार्डचा अर्ज पुढच्या टप्प्यावर असेल तर ती वाढत राहते. पण नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला सुमारे १ लाख ४० हजारच दिली जातात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातील साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची झाली आहे. या रांगेत असताना नोकरी गेली, तर नवी शोधण्यासाठी ६० दिवसांचीच मुदत मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, शिराळा तालुक्यातील एका अभियंत्याचा मोठा मुलगा २०१३ मध्ये पुण्यात जन्मला आणि धाकटी मुलगी २०२१ च्या अखेरीस अमेरिकेत. मुलगी जन्माने अमेरिकी नागरिक आहे. मुलगा वडिलांच्या व्हिसावर अवलंबून आहे आणि वयाच्या २१ व्या वर्षी तो आधार संपतो. तोवर ग्रीन कार्ड मिळाले नाही, तर त्याला विद्यार्थी म्हणून किंवा अन्य मार्गाने स्वतंत्र व्हिसा शोधावा लागेल. म्हणजे तेथे राहिल्यास मुलाचे भवितव्य अधांतरी.

आता हे कुटुंब परत आले असे समजू. मुलगा भारतीय नागरिक असल्याने ‘नीट’, ‘जेईई’मध्ये इतरांच्या बरोबरीने बसेल. मुलीला मात्र ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय कार्डावर राहावे लागेल. केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार या प्रवेश परीक्षांतून ओसीआय कार्डधारकांना अनिवासी भारतीयांसाठीच्या किंवा तत्सम जागांवरच प्रवेश मिळू शकतो; केवळ भारतीय नागरिकांसाठी राखीव असलेल्या जागांवर नाही. त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना हे निर्बंध लागू होणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. पण ही मुलगी त्या तारखेनंतर जन्मलेली. एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाची वाट तेथे बंद होते, दुसरीची येथे अरुंद होते. ‘मुलांसाठी राहतो’ आणि ‘मुलांसाठी परततो’ ही दोन्ही वाक्ये त्या घरात एकाच वेळी खरी असतात.

शाळेत मराठीचे काय?

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय शिकवणे बंधनकारक आहे. घरी मराठी बोलणारे, पण देवनागरी न वाचणारे मूल सहावी-सातवीत आले तर इतिहास-भूगोलापेक्षा त्याची धास्ती मराठीच्या वहीची असते. पहिली-दुसरीत आलेले मूल वर्षभरात रुळते. त्यामुळे परतायचे ठरवलेली अनेक कुटुंबे मुलांच्या प्राथमिक शाळेचा काळ ही शेवटची संधी मानतात. ती हुकली की निर्णय थेट मुले महाविद्यालयात जाईपर्यंत, म्हणजे दहा-बारा वर्षे पुढे जातो. आणि ही तीच दहा-बारा वर्षे असतात, ज्यांत गावाकडचे आई-वडील साठीतून पंचाहत्तरीकडे गेलेले असतात.

आई-वडिलांना तिकडे नेता येत नाही का?

एच-१बी धारकाला आई-वडिलांना कायमचे नेता येत नाही. त्यांना पर्यटक व्हिसावर, एका वेळी साधारण सहा महिने राहता येते. अमेरिकी नागरिक झालेल्या मुला-मुलीला पालकांसाठी ग्रीन कार्ड मागता येते. ब्रिटनने मात्र २०१२ पासून वृद्ध पालकांना नेण्याचे नियम फार कडक केले आहेत. नियमांत बसले तरी शेतावर आयुष्य काढलेली माणसे तेथे रमत नाहीत. थंडी, वाहनाविना घराबाहेर न पडता येणे, दिवसभर बोलायला कोणी नसणे. आजारपणाचा विमा महाग असतो आणि आधीपासूनच्या व्याधी त्यात सहसा पूर्ण धरल्या जात नाहीत.

इकडे गावात काय होते? छातीत दुखले तर प्राथमिक उपचार शिराळ्यात होतात. मोठ्या उपचारांसाठी ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), कराड, कोल्हापूर किंवा मिरज गाठावे लागते. पैसे लगेच पाठवता येतात. अडचण असते ती गाडीत सोबत बसणाऱ्या माणसाची. हे काम पुतण्या, शेजारी किंवा गावात राहिलेला धाकटा भाऊ करतो. त्यातून भावा-भावांत न बोललेला हिशेब सुरू होतो. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने वेळ दिला. तो हिशेब जमिनीच्या वाटणीच्या दिवशी उघडा पडतो.

जमिनीच्या बाबतीत कायदा काय सांगतो?

परकी चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांना भारतात घर किंवा व्यापारी गाळा घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन मात्र ते ठेवू शकतात. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. शिवाय महाराष्ट्रात कुळकायद्यानुसार शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो.

शिराळ्यातील घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा : परदेशात असताना ‘गावी दोन एकर घेऊन ठेवू’ हे शक्य नाही. आहे तो वाटा टिकवणे हाच मार्ग उरतो. आणि तो टिकतो कागदावर. वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद झाली का, फेरफार मंजूर झाला का, बहिणींची नावे लागली का, कोणी हक्कसोडपत्र मागते आहे का, या गोष्टी तीन आठवड्यांच्या सुट्टीत होत नाहीत. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवता येते. ते तेथील भारतीय वकिलातीत किंवा तेथील मान्य पद्धतीने साक्षांकित करावे लागते आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. यात दिरंगाई झाली की जमीन पड राहते, कोणीतरी वाट्याने कसू लागतो आणि काही वर्षांनी ‘तुम्हाला इथे काय करायचे आहे’ असा प्रश्न घरातूनच येतो. परतीची इच्छा कमी होण्यात या एका प्रश्नाचा वाटा मोठा असतो.

कर आणि बचतीचे गणित कसे आहे?

दीर्घकाळ परदेशी राहून परतलेल्यास प्राप्तिकर कायद्यात मध्ये एक सवलतीचा टप्पा आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली किंवा मागील सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा अधिक न राहिलेली व्यक्ती ‘निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही’ या वर्गात येते. साधारण दोन, काहींना तीन आर्थिक वर्षे या वर्गात राहता येते आणि त्या काळात परदेशातील उत्पन्नावर सहसा भारतात कर लागत नाही. त्यानंतर मात्र जगभरातील उत्पन्न करपात्र होते आणि परदेशातील खाती, समभाग, घर यांची माहिती विवरणपत्रात द्यावी लागते. ती लपवल्यास काळा पैसाविरोधी कायद्यात १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. ‘एनआरई’, ‘एनआरओ’ खातीही परतल्यावर निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात.

अमेरिकेत आणखी एक अडसर आहे. तेथे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के कपात होते. निवृत्तिवेतनास पात्र होण्यासाठी ४० ‘क्रेडिट’, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नसल्याने दोन्ही देशांतील नोकरीची वर्षे एकत्र मोजली जात नाहीत. आठव्या-नवव्या वर्षी परतायच्या विचारात असलेला माणूस साहजिकच म्हणतो, ‘आणखी दोन वर्षे काढू.’ त्या दोन वर्षांत मुलगा माध्यमिक शाळेत जातो आणि वर सांगितलेली शाळेची संधी निघून जाते. करासाठी सोयीचे वर्ष, शाळेसाठी सोयीचे वर्ष आणि आई-वडिलांना गरज असलेले वर्ष ही क्वचितच एक असतात.

नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या काय सांगते?

भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. केंद्राने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. या आकड्यांकडे ‘देश सोडून गेले’ असे पाहिले जाते. पण त्यात परतीची तयारी म्हणून परदेशी पारपत्र घेणारेही असतात. परदेशी पारपत्र हाती असले की भारतात येऊन पाहता येते, जमले नाही तर परत जाता येते आणि ओसीआय कार्डावर भारतात कितीही काळ राहता येते. केवळ व्हिसावर असलेल्याला ही मुभा नाही. तो एकदा आला की परतीचे दार बहुधा बंद होते. त्याची किंमत म्हणजे मतदानाचा हक्क, सरकारी नोकरी आणि शेतजमीन विकत घेण्याचा हक्क सोडावा लागतो.

परतल्यावर गाव तसेच असते का?

वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेल्या ‘स्वदेस’ (२००४) या हिंदी चित्रपटात अमेरिकेतील अभियंता गावी येतो, काही आठवडे राहतो आणि अखेर नोकरी सोडून परततो. प्रत्यक्षात परतल्यानंतरचे दुसरे-तिसरे वर्ष कठीण जाते. परतणारा आपल्या आठवणीतील गावाकडे परतत असतो, आणि मधल्या काळात गाव पुढे गेलेले असते.

शिराळ्याची नागपंचमी याचे ठळक उदाहरण. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडलेल्याच्या आठवणीत जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यानंतर, २०१४ पासून ते थांबले. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शैक्षणिक उद्देशाने आणि मर्यादित स्वरूपात नाग पकडण्यास परवानगी दिली. पूजा व मिरवणुकीस नाही. गावात राहिलेल्यांनी हा बदल दरवर्षी थोडा थोडा पचवला. बाहेरून आलेल्याला तो एकदम दिसतो. जमिनीचे भाव, घरातील नवी सून, निवडणुकीतील गट, शेतापर्यंत येणारा बिबट्या, सगळ्याच बाबतीत असे होते.

काहींना तर परतायला गावच उरलेले नाही. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. धरण आणि जंगलासाठी तेथील गावे उठली, माणसे इतरत्र वसवली गेली. त्या कुटुंबांतील परदेशी गेलेल्या नातवाला ‘तुझे गाव कोणते’ असे विचारले तर त्याला पुनर्वसन वसाहतीचे नाव सांगावे लागते.

करोनाकाळाने काय दाखवले?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्यातून, देशभर पसरलेल्या गलाई कारागिरांच्या पेठांतून माणसे सांगली जिल्ह्याकडे निघाली. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेतून परदेशस्थ भारतीय परतू लागले. वर्षानुवर्षे ज्यांच्या वर्गणीवर जत्रा भरत होती, त्यांनाच वेशीवर अडवण्याचे, शाळेच्या खोल्यांत १४ दिवस ठेवण्याचे प्रसंग अनेक गावांत आले. भीती खरी होती आणि खबरदारीही आवश्यक होती. पण ‘गाव आपलेच आहे’ या विश्वासाला तेव्हा गेलेला तडा अनेकांच्या मनात आजही आहे. दुसरीकडे, त्याच काळात घरून काम करण्याची सोय झाल्याने काही जण वर्ष-दीड वर्ष गावी राहिले आणि आई-वडिलांसोबतचा तो काळ त्यांना परतीचा विचार करायला लावणारा ठरला. एकाच घटनेने परतीची ओढही वाढवली आणि धास्तीही.

परतणाऱ्यांसाठी सरकारी पातळीवर काय आहे?

परदेशी जाणाऱ्यांसाठी केंद्राची व्यवस्था बऱ्यापैकी उभी आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांना ठरावीक देशांत जाण्यासाठी उत्प्रवास मंजुरी लागते. त्यांना ‘प्रवासी भारतीय विमा योजने’त अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. तक्रारींसाठी ‘मदद’ संकेतस्थळ आहे. परतणाऱ्यांच्या कौशल्याची नोंद करून त्यांना नोकरी मिळवून देण्यासाठी जून २०२० मध्ये ‘स्वदेस’ याच नावाचा उपक्रम केंद्राने सुरू केला होता.

केरळने मात्र परतीचाही विचार आधी केला. तेथे अनिवासी केरळवासीयांसाठी स्वतंत्र विभाग १९९६ मध्येच स्थापन झाला. दोन वर्षांहून अधिक काळ परदेशात काम करून परतलेल्यांना व्यवसायासाठी ३० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पावर १५ टक्के, कमाल तीन लाख रुपये, भांडवली अनुदान देणारी योजना तेथे आहे. प्रवासी कल्याण मंडळामार्फत निवृत्तिवेतनही मिळते. परदेशी पैशांत केरळच्या पुढे गेलेल्या महाराष्ट्रात हा विषय अजून तालुक्याच्या पातळीवर पोहोचलेला नाही. वारसनोंदीची माहिती एका कार्यालयात, बँकेचे नियम दुसरीकडे, शाळाप्रवेश तिसरीकडे आणि कर सल्लागार सांगली-कोल्हापुरात अशी परतणाऱ्याची धावपळ होते.

मग निर्णयाकडे पाहायचे कसे?

‘परतायचे की नाही’ असा एकच प्रश्न ठेवला तर तो सुटत नाही, हे आतापर्यंतच्या तपशिलांवरून दिसते. त्याऐवजी तो चार तारखांत मांडता येतो : मुलांच्या शाळेची तारीख, व्हिसा किंवा नागरिकत्वाची तारीख, कर आणि निवृत्तिवेतनाची तारीख आणि आई-वडिलांच्या वयाची तारीख. पहिल्या तीन तारखा कागदावर लिहिलेल्या असतात, म्हणून कुटुंबे त्यांच्याभोवती नियोजन करतात. चौथी कोठेच लिहिलेली नसते. ती नेहमी मागे पडते आणि पहाटेच्या फोनवर कळते.

काही कामे मात्र निर्णय होण्याआधीच करता येतात. वडील हयात असताना सातबारा आणि घराचे उतारे तपासून घेणे, भावंडांशी वाटणीबद्दल मोकळेपणी बोलणे, मुलांना देवनागरी वाचायला शिकवणे, परतण्यापूर्वी निदान एक वर्ष आधी करसल्ला घेणे आणि सुट्टीऐवजी एकदा पूर्ण पावसाळा गावी काढून पाहणे. यातील एकही गोष्ट परतीचे वचन देत नाही. पण ती केली नसेल तर परतण्याची इच्छा असूनही परतता येत नाही. शिराळ्यातून मुंबईला गेलेल्या पिढीने हेच वेगळ्या रीतीने केले होते. गावात घर उघडे ठेवले, सातबाऱ्यावर नाव ठेवले, जत्रेला हजेरी ठेवली. त्यांतील सगळेच परतले नाहीत. पण ज्यांना परतावे लागले, त्यांना कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही.